अनेकवचनाचा प्रत्यय

१

सकाळी संग्रहालयात आल्यावर बाई आधी प्रेस उघडायच्या आणि मग चहाला जायच्या. प्रेस म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. लाकडी पट्ट्यांच्या दोन जाळ्या आणि त्यांना आवळणारे कातडी पट्टे. मधे वर्तमानपत्राच्या घडीत झाडाची फांदी, तिच्या वर-खाली टीपकागद, मग दुसरी फांदी, पुन्हा टीपकागद. कागद झाडातलं पाणी ओढून घेतो. ओला झाला की काढायचा, कोरडा घालायचा. नेमानं केलं तर झाड वाळून सपाट होतं आणि पुढच्या कितीतरी पिढ्यांना पाहायला मिळतं. या प्रदेशातली रानं तुडवत, इथली म्हणून जी जी वनस्पती आहे ती ती अशी दाबून ठेवण्यात बाईंचा जन्म गेला होता.

"काय बाई, आज कोणाला नावं ठेवणार?" खिडकीपाशी बसलेल्या चित्रकारांनी विचारलं. वाळलेल्या झाडांची चित्रं काढणं हे त्यांचं काम आणि बाईंना चिडवणं हा त्यांचा छंद. बाई झाडांना नाव ठेवतात आणि माणसांना नावं, हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला होता की आता त्यावर हसायची जबाबदारीही तेच पार पाडत.

बाईंनी पट्टा सोडला, वरची जाळी बाजूला केली आणि पहिला टीपकागद उचलला. तो मधोमध वाकला आणि टेबलावर टपटप पाणी गळलं.

कागद दमट होतो हे रोजचंच. पण हा भिजून चिंब होता. बाईंनी तो मोरीत पिळला तर खालच्या पेल्यात चांगलं बोटभर पाणी जमलं. त्या फांदीला जेमतेम मूठभर पानं. वर छताकडे पाहिलं, छत कोरडं होतं. खालच्या फांद्या पाहिल्या तर त्यांचे टीपकागद घातले तसेच कोरडे, आणि फांद्या वाळल्या म्हणाव्या तर तसंही नाही. पानं आत्ता झाडावरून तोडल्यासारखी टवटवीत.

"बांडगुळाची पानं मांसल असतात, वेळ लागतोच," बाई स्वतःशीच म्हणाल्या, कोरडा कागद घातला, पट्टा आवळला आणि चहाला गेल्या. चहात साखर घालायची राहिली, हे त्यांना अर्धा कप संपल्यावर कळलं.

२

या बांडगुळाला नाव बाईंनीच दिलं होतं, आणि ते का दिलं हे चित्रकार सोडून कोणालाच माहीत नव्हतं.

संग्रहालयाचे संचालक, म्हणजे साहेब, बाईंच्याच बरोबरीनं कामाला लागले होते. फरक एवढाच की आधी साहेबांचे वडील संचालक होते, काका कार्यकारिणीवर होते, आणि साहेबांना खुर्चीपर्यंत चालत जावं लागलं नाही, खुर्चीच सरकत आली. बाई मात्र चालल्या. डोंगर, ओढे, बंद पडलेल्या खाणी, कुठलं देशी झाड कुठे तग धरून आहे आणि कुठे परदेशी तणानं त्याला हुसकून लावलंय, सगळं पायांनी मोजलं. गुडघे गेले. नवरा होता तोवर कुरकुरला, मग तोही गेला. लेक ठकी शेजाऱ्यांच्या घरी जेवून वाढली. आणि सरतेशेवटी या प्रदेशाच्या वनस्पतींचा तो जाडजूड ग्रंथ निघाला तेव्हा त्यावर नाव होतं साहेबांचं. आत, आभारांच्या शेवटी, जीपच्या ड्रायव्हरनंतर, 'क्षेत्रकामातील मदतीबद्दल' म्हणून बाई होत्या. त्यांच्या नावात छपाईची चूकही होती.

बाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. पोटात जे पेटलं ते मात्र विझलं नाही.

मग एका पडक्या खाणीमागे त्यांना हे बांडगूळ सापडलं. शास्त्राला अगदी नवं. एका काटेरी झाडाच्या फांदीत मूळ रुतवून बसलेलं, त्याचा रस ओढून त्याच्यापेक्षा हिरवंगार झालेलं. बाई त्याच्याकडे बघत उन्हात उभ्या राहिल्या आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसल्या. नव्या झाडाला एखाद्या थोर माणसाचं नाव देऊन त्याचा गौरव करायची पद्धत आहे. बाईंनी गौरव करायचं ठरवलं.

नाव लॅटिनच्या नियमानं बनतं. माणसाचं आडनाव घ्यायचं आणि त्याला प्रत्यय लावायचा. पुरुषाला एक, बाईला दुसरा, आणि अनेकजण असले तर तिसरा. बाईंनी आधी पुरुषाचा लिहिला होता. मग त्यांना साहेबांचे वडील आठवले, काका आठवले, ती सगळी आयतोबांची जमात आठवली. एकट्यावर कशाला थांबायचं? त्यांनी तो प्रत्यय खोडला आणि अनेकवचनाचा लावला. म्हणजे या आडनावाचे जे जे कोणी असतील त्या सगळ्यांचं. खाली लिहिलं, 'या घराण्याच्या वनस्पतिशास्त्रसेवेप्रीत्यर्थ.'

छापून आलं त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. "बाई, मोठं मन तुमचं," ते म्हणाले. "आमच्या अख्ख्या घराण्याला अमर केलंत." चित्रकारांना खोकल्याची उबळ आली आणि ते बाहेर गेले. त्याच आठवड्यात बाई पुन्हा खाणीवर जाऊन त्याच बांडगुळाच्या आणखी फांद्या घेऊन आल्या, बाहेरच्या संग्रहालयांना पाठवायला. त्याच आता प्रेसमध्ये होत्या. एक साहेबांच्या खोलीत लावायचाही विचार होता.

३

साहेब बाईंच्या खोलीत आले ते बगलेत पाण्याची बाटली घेऊन. ओठांची सालं निघाली होती.

"उन्हाळा यंदा लवकर आला, बाई."

"पंखेसुद्धा लावले नाहीत हो अजून," बाई म्हणाल्या.

"मग मलाच होतंय. कितीही प्यायलो तरी घशाला कोरड." त्यांनी बाटली तोंडाला लावली ती रिकामी होईपर्यंत काढली नाही. मग आधारासाठी प्रेसवर हात टेकला आणि चटका बसल्यासारखा उचलला. "गार आहे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ओला कागद काढला तेव्हा त्याला वास आला. झाडाचा नाही, केसांना लावायच्या क्रीमचा. साहेबांचा भांग त्या क्रीमशिवाय कधी कोणी पाहिला नव्हता. काल टेकले होते ना इथे, बाईंनी स्वतःला समजावलं. हाताला असेल, तो लागला. पण साहेबांनी हात वरच्या जाळीवर ठेवला होता आणि कागद आतला होता. बाईंनी त्यावर फार विचार केला नाही. म्हणजे केला, पण मोरीपाशी उभं राहून, नळ सोडून, आपला आपल्यालाच ऐकू येणार नाही असा.

मग बाईंना ताप आला आणि त्या घरी राहिल्या. कागद कोणी बदलले नाहीत. परत आल्या तर साहेब जिन्यातच भेटले, तोंडावर तजेला, हातात बाटली नाही. "सुटलो बुवा त्या तहानेतून," म्हणाले. बाईंनी वर जाऊन प्रेस उघडला, चिंब कागद काढला, कोरडा घातला. दुपारच्या बैठकीत साहेब बोलता बोलता थांबले, जीभ टाळूला चिकटली. शिपायानं पाणी आणलं, मग आणखी आणलं, मग बैठकच उठली.

बाई आपल्या खोलीत येऊन बसल्या. असं काही नसतं हे त्यांना ठाऊक होतं. शास्त्र शिकलेली बाई, विद्यार्थ्यांच्या वेड्यावाकड्या तर्कांवर लाल रेघा ओढण्यात हयात गेलेली. साहेबांना मधुमेह असेल. बांडगुळात पाणी जास्त असेल. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडत नाही.

हे सगळं नीट पटल्यावर त्या उठल्या आणि प्रेसचा पट्टा आणखी एक भोक आवळला.

त्या दिवसापासून कागद सकाळीही बदलायचे आणि संध्याकाळीही. बाईंना झोप छान लागू लागली. गुडघे दुखेनात. साहेबांची विजार कमरेला चुणीदार झाली, गळ्याची कातडी तपकिरी पडली, जिन्यात त्यांच्या पावलांचा आवाज येईनासा झाला, आणि बाईंना आनंद झाला. लपवायचं कशाला, उघडउघड आनंद झाला. प्रत्येक ओल्या कागदागणिक त्यांना आपला एकेक डोंगर परत मिळत होता.

"बाई, ही पहिली फांदी पाहिलीत?" चित्रकार एकदा भिंग लावून म्हणाले. "मी आखणी केली तेव्हा सरळ होती. आता पोक काढून बसलीय. अगदी आपल्या साहेबांसारखी." ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं, उजेड बरा येतो म्हणून. तिकडे खिडकी नव्हती.

४

साहेब येईनासे झाल्यावर सगळे त्यांना घरी भेटून आले. बाई शेवटी गेल्या, भर दुपारी. घाई कसली होती?

साहेबांच्या बायकोनं दार उघडलं आणि आतल्या खोलीकडे बोट केलं. "सलाईन लावतात हो," ती म्हणाली, "पण ते जातं कुठे डॉक्टरांनाच कळत नाही."

पलंगावर पांढरी चादर अंथरली होती आणि तिच्यावर साहेब होते. पांघरूण जवळजवळ सपाट होतं. एक हात बाहेर, पंजा पसरलेला, नसा पानाच्या शिरांसारख्या वर आलेल्या. तो हात चादरीवर ठेवल्यासारखा दिसत नव्हता, चिकटवल्यासारखा दिसत होता. बाईंनी इतकी झाडं कागदावर चिकटवली होती की त्यांची नजर आपोआप उजव्या कोपऱ्यात गेली, जिथे नावाची चिठ्ठी असते.

"बाई," साहेब म्हणाले. आवाज पानं चुरगाळल्यासारखा. "तो ग्रंथ तुमचा होता."

एवढं ऐकायला बाई आयुष्यभर थांबल्या होत्या. त्या काहीतरी बोलणार, तेवढ्यात मागून पाण्याचा पेला घेऊन कोणीतरी आलं.

ती ठकी होती.

ठकी नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी राहायची, सणासुदीला यायची, फोनवर भांडायची. ती इथे, या घरात, केस वर बांधून, साहेबांच्या ओठांना ओला कापूस लावत होती. बाईंना आधी वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय, उन्हातून आल्यामुळे.

"तू इथं काय करतेयस?"

ठकीनं त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं. "आई, ओरडू नकोस. सांगणारच होते. यांच्या पुतण्याशी लग्न केलंय मी. सह्या करून, मागच्या वर्षी. तुमचं दोघांचं इतकं वाकडं, तू परवानगी दिली असतीस?"

बाई ओरडल्या नाहीत. "आडनाव?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"आडनाव तेच ठेवलंस ना तू? आपलं?"

"बदललं की. सगळ्या कागदांवर बदललं," ठकी म्हणाली, आणि जिभेनं ओठ ओले केले. "आई, तुला सांगायला गेलं लग्न आणि तू विचारतेस काय, तर आडनाव. कमाल आहे तुझी. थांब हं, पाणी पिऊन येते, सकाळपासून घसा नुसता सुकतोय माझा."

५

बाई रिक्षानं संग्रहालयात आल्या. जिना चढताना गुडघे पुन्हा दुखत होते. सकाळी कागद बदलून झाले होते, पट्टा करकचून आवळलेला होता. तो सोडताना नख मोडलं.

पहिली फांदी पूर्ण वाळली होती. इतका सुरेख नमुना त्यांच्या हातून कधी झाला नव्हता. पोक काढलेली, एक डहाळी बाहेर पसरलेली. फोन वाजला, चित्रकारांचा होता. "बाई, तुम्ही तिथून निघालात आणि साहेब गेले." मग म्हणाले, "मी उद्यापासून येणार नाही. माझे ब्रश कोणाला तरी देऊन टाका."

बाकीच्या फांद्यांचे कागद, जे इतके दिवस कोरडे होते, ते सगळे आता ओले झाले होते. बाईंनी एकेक उचलून नाकाशी धरला. एकाला तंबाखूचा वास, एकाला औषधांचा, एकाला कुठल्याशा परक्या साबणाचा. शेवटच्याला लहान मुलाच्या तापलेल्या टाळूचा वास होता. ठकीला गोवर आला तेव्हा रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसताना बाईंनी तो वास घेतला होता, आणि असा वास जगात दुसऱ्या कोणाचाही नसतो.

त्यांनी ती फांदी ओल्या कागदासकट उचलून वेगळी ठेवली. बाकीच्यांचं काय करायचं हे त्यांच्या मनातही आलं नाही.

मग त्यांनी ज्या नियतकालिकात नाव छापून आलं होतं त्याच्या संपादकांना फोन लावला. जुनी ओळख होती.

"ते नाव मागे घ्यायचंय," बाई म्हणाल्या.

"कोणतं, बांडगुळाचं? अहो बाई, तुम्ही सांगताय हे? एकदा छापलं की देणाऱ्यालासुद्धा मागे घेता येत नाही. मागच्या परिषदेत तुम्हीच पोरांना दटावलं होतंत."

"नमुने जाळून टाकले तर?"

"तरी नाव राहतंच. तुम्हाला बरं नाही का?"

"मग निदान प्रत्यय दुरुस्त करा. एका माणसाचा करा. अनेकवचन चुकून पडलं."

कागद चाळल्याचा आवाज आला. "चुकून कसं? खाली तुम्हीच लिहिलंय, घराण्याच्या सेवेप्रीत्यर्थ. व्याकरणाची चूक असती तर दुरुस्त केली असती, बाई. इथे हेतू अगदी स्वच्छ आहे. हेतू चुकला, असं कसं छापू?"

६

बाईंनी ठकीची फांदी घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर दोन पुस्तकांच्या मधे ठेवली. पट्टा नाही, वजन नाही. कागद बदलायचे नाहीत, एवढं त्यांनी ठरवलं. बाईंच्या तापाच्या दिवसांत साहेबांना बरं वाटलं होतं, तसं हिलाही वाटेल.

आणि वाटलं. ठकीचा फोन आला, आवाज मोकळा होता. घरात सगळ्यांनाच तहानेचं काहीतरी झालंय, सासूबाई दवाखान्यात आहेत, नवरा अंथरुणावर आहे, आपण मात्र ठीक आहोत, म्हणाली. बाईंनी देवापुढे हात जोडावेत तसे त्या दोन पुस्तकांपुढे जोडले आणि स्वतःची लाज वाटून हात खाली घेतले. खोलीत दमट वास येऊ लागला होता. त्यांनी खिडक्या उघडल्या. प्रेसमधल्या बाकीच्या फांद्यांकडे जायचं त्या टाळत राहिल्या.

पुन्हा फोन वाजला तेव्हा दुपार होती, आणि बाई टेबलापाशीच बसल्या होत्या.

"आई, तहान नाही गं, पण अंगावर काहीतरी उठलंय. पायांवर करडे डाग. पुसले की जातात आणि परत येतात. मऊ लागतात हाताला, कापसासारखे."

बाईंनी वरचं पुस्तक उचललं. फांदी ओल्या कागदात बुडाल्यासारखी पडली होती. देठाच्या टोकाशी करड्या बुरशीची लव धरली होती, पहिल्या पानापर्यंत आलेली. वेळेवर कागद न बदललेल्या फांदीचं काय होतं हे त्यांनी किती विद्यार्थ्यांना ओरडून सांगितलं असेल. आता कागद बदलला नाही तर बुरशी वर चढत जाणार. बदलला तर काय होणार हेही त्यांनी पाहिलं होतं.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. डॉक्टरांना दाखव." त्यांनी कोरडा टीपकागद हातात घेतला. एकदाच बदलू, बुरशीपुरता, मग थांबू.

"दाखवलं. त्यांनी औषध द्यायचं टाळलं. म्हणजे… आई, आणखी एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी व्हरांड्यात सांगणार होते, पण तू आडनावाचं घेऊन बसलीस. मला पाचवा लागलाय."

बाईंनी भिंग घेतलं. त्यांनी खाणीवरून आणलेल्या एकाही फांदीला फूल नव्हतं, फळ नव्हतं. मोसमच नव्हता. पण या फांदीवर, वरच्या पानाच्या बगलेत, आता एक कळी होती. हिरवी, मिटलेली, बाकी सगळ्या फांदीपेक्षा ताजी. पाण्यानं भरलेली. प्रेसमध्ये वाळताना सगळ्यात आधी कळ्या जातात. त्या नाजूक असतात, एका कागदातच कोमेजतात.

त्यांनी बोटाच्या टोकानं तिला अलगद स्पर्श केला. कळी कोमट होती.

"थांब, थांब," पलीकडून ठकी म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. "आई, आत्ता हललं. पहिल्यांदाच हललं."

बाईंनी बोट काढून घेतलं. फोन त्यांनी तसाच कानाशी धरून ठेवला, लेकीचं हसणं ऐकत. दुसऱ्या हातात कोरडा कागद होता, आणि त्या बघत होत्या तोवर बुरशी दुसऱ्या पानापर्यंत आली.